गौरीपुढे ठेवलेली कॉईल

मित्रांनो, मी एक म्हातारी कॉईल आहे. डास पळवणारी नव्हे. ती जळून राख होते आणि तिचं नाव मला उगाच लागतं. मी विजेच्या कामाची. हिरव्या पट्टीवर तांब्याचं वेटोळं असतं ना, ती मी. एका कोपऱ्यात माझा हिरवा रंग उडालाय, टोकाचा कथलाचा डाग काळा पडलाय, आणि आता माझा मुक्काम प्लास्टिकच्या पिशवीत असतो. पिशवीवर चिठ्ठी चिकटवलेली आहे, कचेरीत पुरावा म्हणून दाखवायला. चांगल्या घरच्या बाईचं नाव पोलीस पाटलाकडं निघावं, तशी माझी गत.

मला संयोगितानं घडवलं. सांगलीत विश्रामबागेला तिची एक खोली होती. शेतीपंपाच्या स्टार्टरमधली जळालेली कार्डं ती तिथं दुरुस्त करायची. सासर साताऱ्याकडं, मसूरजवळच्या खेड्यात. नवरा उदयसिंह फौजेत, वर बर्फात. घरी सासू चंद्राबाई एकटी, म्हणून सुट्टीला आणि सणावाराला संयोगिता गावी यायची.

जळालेलं कार्ड उघडलं की तिला एकच खोड दिसायची. आतली तारेची कॉईल पंपाच्या हादऱ्यानं हलायची, डाग सुटायचा, ठिणगी पडायची आणि कार्ड काळंठिक्कर. शेतकरी म्हणायचा, लाईटनं घात केला. संयोगिता म्हणायची, तारेनं केला. मग तारच नको, असं तिच्या मनानं घेतलं. वेटोळं पट्टीवरच छापायचं ठरलं. एका टबात तांबं खाणारं तपकिरी पाणी ओतून तिनं तांब्यानं मढवलेली, वेटोळ्यापुरती रंगानं झाकलेली पट्टी त्यात सोडली. नको ते तांबं पाण्यानं खाल्लं, हवं ते उरलं. उरलं ती मी.

तशा छापील कॉईली जगात रग्गड आहेत. माझं वेगळेपण होतं पाठीपोटात. पोटाकडच्या दोन वेढ्यांमध्ये जिथं फट, नेमकी तिच्या मागं पाठीकडची तांब्याची पट्टी यायची. भिंत रचताना दोन विटांच्या सांध्यावर वरची वीट ठेवतात, तसं. दुसरी कॉईल दिव्यापुढं धरा, फटीफटीतून उजेड येतो. मला धरा, अंधार. त्या रचनेनं कार्ड थंड आणि शांत राहायचं.

चंद्राबाईनं मला पहिल्यांदा पाहिलं ते विहिरीवर, संयोगिता मला स्टार्टरमध्ये बसवत होती तेव्हा.

"आमचा पंप म्हंजी काय तुजी शाळा हाय गं? जळाला तर उसाला बादलीनं पानी घालनार हाईस का?"

"नाही जळायचा, आत्या."

"बगू की. जीभ तर लय चालती तुजी."

जिच्या जिभेपुढं गावचे सरपंच वाट बदलायचे, ती बाई हे म्हणाली.

उन्हाळा गेला. शेजारच्या मळ्यांतली कार्डं जळाली, माझं जळालं नाही. चंद्राबाई रोज विहिरीवर यायची, झाकण उघडायची, पदरानं धूळ पुसायची आणि थोडा वेळ बघत उभी राहायची. सुनेला मात्र एक शब्द नाही. फोनवर उदयसिंहानं विचारलं तर म्हणाली, "चाललंय. बंद पडलं की सांगते." कौतुक केलं की सून डोक्यावर बसते, हे तिला तिच्या सासूनं शिकवलं होतं. त्या शिकवणीवर तिनं संसार रेटला होता. पण गावी आली की संयोगिता रात्री नवऱ्याला फोनवर माझी रचना समजावून सांगायची, तेव्हा चंद्राबाई भाजी निवडता निवडता सगळं ऐकायची. कान तिचे जिभेहून तिखट होते.

श्रावणात संयोगितानं माझ्या जागी नवीन कार्ड बसवलं आणि मला घरी आणून कपाटात ठेवलं. भाद्रपदात गौरी आल्या. गौरी जेवायच्या दिवशी सकाळी चंद्राबाई सुनेपुढं येऊन उभी राहिली.

"ती तुजी हिरवी पट्टी दे गं."

"कशाला, आत्या?"

"गौरीपुढं ठिवायची हाय."

"आवं, ती काय आराशीत ठेवायची वस्तू आहे?"

"का? दुसऱ्या बाया थर्माकोलचा ताजमहाल ठिवत्यात. त्यांच्या सुना काय ताजमहाल बांधाया गेल्या हुत्या?"

संयोगिताला हसू फुटलं. तिनं मला कपाटातून काढलं, कापसानं पुसलं, पुन्हा पुसलं आणि सासूच्या हातावर ठेवलं. पुसताना तिचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. ती चंद्राबाईकडं बघत होती.

मी करंज्या आणि लाडवांच्या मधोमध बसले. बायका हळदीकुंकवाला आल्या, वाकून बघून गेल्या. गावात आराशीची स्पर्धा असते. मंडळाचा चिटणीस लालासाहेब मोबाईल घेऊन घरोघर चित्रण करत हिंडत होता. तो दारात आला.

"काकू, ह्ये मधीच काय ठिवलंय? रेडिवो फुटला का काय?"

"तुजं डोस्कं फुटलंय. ये जवळ. आन तो मोबाईल नीट धर." चंद्राबाईनं मला उचललं आणि बल्बपुढं धरलं. "दिसतोय उजेड? न्हाई दिसत. का न्हाई? म्होरच्या फटीमागं मागची पट्टी बसवलीया, भित्तीच्या इटांवानी. येढं आतनं बारीक, भाईर रुंद. तार न्हाई, म्हनून हालत न्हाई. हालत न्हाई, म्हनून जळत न्हाई. आख्खा उन्हाळा माज्या हिरीवर चाललीया. माज्या सुनंनं केलीया ही. संयोगितानं. नाव आलं का त्यात? न्हाईतर परत म्हनते."

स्वयंपाकघराच्या दारात संयोगिता उभी होती. लग्न झाल्यापासून सासूच्या तोंडून स्वतःचं नाव तिनं असं कधी ऐकलं नव्हतं. पदर पुरणानं भरलेला, म्हणून तिनं मनगटानं डोळे पुसले. खरं सांगते मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सोन्याचा दिवस. आराशीला पहिला नंबर आला, चंद्राबाईला कुकर मिळाला, आणि ते चित्रण मंडळाच्या चॅनेलवर गेलं. मग सगळे विसरले.

दिवाळीनंतर संयोगितानं पेटंटचा अर्ज करायचं ठरवलं. पेटंट म्हणजे ही युक्ती हिची, असं सरकारनं म्हणायचं. मग काही वर्षं तिला विचारल्याशिवाय ती कुणी करून विकायची नाही. संयोगिताला दुसऱ्यांची कार्डं दुरुस्त करायचं सोडून स्वतःच्या नावाचा छोटा कारखाना काढायचा होता. त्यात अट अशी, की अर्जाआधी ती युक्ती जगापुढं आलेली नसावी. विश्रामबागेतच पेटंटची कामं बघणारा वीरधवल होता. त्यानं पहिलंच विचारलं, "आजवर कुणाला दाखवलीय?"

"घरच्यांनाच," संयोगिता म्हणाली.

ती खोटं बोलली नाही. गौर बघायला आलेल्या बायका काय परक्या असतात? कपाळाला कुंकू लावलं, ओटी भरली, की त्या घरच्याच. आमच्याकडं असंच धरतात. मोबाईलच्या मागं केवढं जग उभं असतं, हे सासू-सुनेच्या ध्यानातच नव्हतं.

मुंबईच्या कचेरीत माझी तपासणी सुरू झाली. मुलगी दाखवायचा कार्यक्रमच तो. चालून दाखव, वळून दाखव, तुझ्यासारखी आणखी कोण आहे? तपासनिसानं परदेशातल्या दोन कॉईली माझ्यासमोर आणून उभ्या केल्या. एक माझ्यासारखीच आत बारीक, बाहेर रुंद होती. दुसरी दोन्ही बाजूंनी छापलेली. पण विटांची रचना दोघींतही नव्हती. संयोगितानं तसं उत्तर लिहिलं. आता जमणार, असं वीरधवलला वाटत होतं, तेवढ्यात स्टार्टर बनवणाऱ्या एका कारखानदारानं विरोधाचा अर्ज टाकला. सोबत गौरीचं चित्रण.

संयोगितानं ते गावी येऊन सासूला दाखवलं. मोबाईलमधून चंद्राबाईचाच आवाज आला.

"व्हय की, मीच हाय ती!" ती खुशीत म्हणाली. "कसली ठसक्यात बोललीया बग."

मग तिचं लक्ष सुनेच्या तोंडाकडं गेलं. "का गं? काय झालं?"

संयोगितानं सांगितलं. हळू सांगितलं, दोष न देता सांगितलं. त्यानं जास्तच लागलं. चंद्राबाईनं मोबाईल पालथा घातला आणि चुलीपुढं जाऊन बसली. चूल पेटलेली नव्हती.

त्यानंतर तिची जीभ गेली. बांधावर कुणाची म्हैस शिरली तरी ती ओरडेना. शेजारीण काळजीनं विचारायला आली, "बरं न्हाई का चंद्राक्का? भांडाया येत न्हाईस ती?" बक्षिसाचा कुकर तिनं माळ्यावर टाकला. दोष तिचा म्हणावा, तर पुरावा मी. तिनं नुसतं तोंडानं सांगितलं असतं तर हवेत गेलं असतं. बल्बपुढं मीच अंधार करून दाखवला. मी तरी एका फटीतून उजेड जाऊ द्यायचा होता.

एके दिवशी चंद्राबाई एकटीच एसटी धरून विश्रामबागेला आली आणि सुनेला घेऊन वीरधवलपुढं बसली.

"ह्यातनं वाट सांगा," ती म्हणाली.

वीरधवलनं चष्मा काढला. "एक आहे. वस्तू करणाऱ्याच्या संमतीशिवाय ती दुसऱ्यानं जगापुढं मांडली, आणि कळताच त्यानं अर्ज केला, तर कायदा त्याला सांभाळून घेतो."

"म्हंजी मी न इचारता न्हेली, असं?"

"तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागेल."

"ल्ह्या. कपाटातनं चोरली म्हनून ल्ह्या. किल्ली माज्याच कमरंला असती, ह्ये बी घाला, म्हंजी खरं वाटंल."

"आत्या..."

"तू गप. घान मी केली, मी निस्तरते. सुनंच्या कपाटाला हात घातला म्हनंल गाव. म्हनू दे."

मित्रांनो, वैरणीची एक पेंढी उचलली असा नुसता संशय घेतला म्हणून या बाईनं सख्ख्या जावेशी बोलणं सोडलं होतं. तीच आज चोर व्हायला निघाली होती. तिचा आवाज चढला होता.

संयोगितानं टेबलावरून मला उचललं. "वीरधवल, तो कागद नको."

"ताई, नीट विचार करा. विटांच्या रचनेची मुख्य मागणीच जाईल."

"मी हातानं दिलीय. पुसून दिलीय." ती सासूकडं वळली. "तुम्ही मागितलीत ना आत्या, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की दुसरं काही सुचलंच नाही. तुम्हाला चोर ठरवायचं म्हणजे तो दिवस खोटा होता म्हणायचं. मला नाही जमणार."

"आगं, मग मी काय करू?" चंद्राबाई जवळजवळ ओरडलीच. "कायतरी करू दे मला!"

कुणीतरी आपल्याला शिक्षा द्यावी असं तिला वाटत होतं, आणि कुणी देईना.

सुनावणी वीरधवलच्याच खोलीत, संगणकाच्या पडद्यावर झाली. पलीकडून अधिकारीबाईंनी शांतपणे विचारलं, चित्रणातली वस्तू हीच का? संमती होती का? संयोगिता म्हणाली, "हीच. होती." मला पुन्हा दिव्यापुढं धरलं. पुन्हा अंधार. मागच्या खुर्चीवर चंद्राबाई पदर तोंडात धरून बसली होती.

काही आठवड्यांनी निकाल आला. माझी रचना आधीच जगापुढं आली होती, म्हणून ती मागणी नामंजूर. मंजूर झाली एक छोटी गोष्ट. अर्ज करण्याआधी संयोगितानं बाहेरच्या रुंद वेढ्यांत एक बारीक चीर पाडली होती, तांबं तापू नये म्हणून. ती चित्रणात नव्हती. तेवढी चीर तिच्या नावावर झाली. माझ्या अंगावर ती नाही, माझ्या धाकट्या बहिणीच्या अंगावर आहे. विरोध करणाऱ्या कारखानदारानं मात्र माझी नक्कल बाजारात आणली. आणू शकतो तो, कायद्यानं त्याला मुभा आहे.

संयोगितानं निकाल गावी येऊन वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर चंद्राबाई म्हणाली, "म्हंजी आख्खं लुगडं गेलं, काठ ऱ्हायला."

"काठावर पण कारखाना निघतो, आत्या. लहान निघेल."

"निघंल. तू काढशील." चंद्राबाईनं निकालाचा कागद घडी घालून सुनेच्या हातात दिला. "तू लय हुशार हाईस गं. ह्ये घरातच म्हनाया पायजे हुतं मी, ज्या दिशी पंप चालला त्याच दिशी. मग साठून साठून लालासाहेबापुढं सांडलं नसतं."

संयोगितानं मान खाली घालून कागद पिशवीत ठेवला. चंद्राबाईनंही डोळ्याला डोळा दिला नाही. तिच्या मनावरचं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही. अजूनही विहिरीवर स्टार्टरचं झाकण उघडलं की तिचा हात मधेच थांबतो.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. घरातल्या माणसानं काही चांगलं केलं, तर त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर सांगा. आणि गावापुढं मांडायचं असेल तर आधी त्याला विचारा, जरा थांबू का म्हणून. मला सांभाळा असं मी म्हणत नाही. मी आता कुणाचीही आहे, मला कुणीही करावं. फक्त एखाद्या पंपाच्या पेटीत मी दिसले, तर हिला पहिल्यांदा कुणी घडवलं, एवढं विचारून बघा. पेटीवर ते नाव तुम्हाला सापडायचं नाही.