पिल्लूचं पोट

रांगत्या पिल्लूला भरवायची वेळ झाली की त्या घरात युद्ध सुरू व्हायचं. आई हात धरायची, आत्या पाय धरायची, आणि बाबा त्याचं इवलंसं नाक चिमटीत पकडायचे. श्वास घ्यायला तोंड उघडलं रे उघडलं, की चमचा आत! साखरेच्या दुधात शिजवलेलं घट्ट पीठ. पिल्लू लालबुंद व्हायचा, लाथा झाडायचा, थुंकायचा. थुंकलेलं हनुवटीवरून खरवडून पुन्हा आत. शेवटी बाबा अंगठ्याने त्याचं पोट दाबून बघायचे. मऊ लागलं तर आणखी चमचे. टणक लागलं तर, "झालं! टच्च!"

ही अंगठ्याची विद्या शेडमधली. बाबा मांसाच्या कोंबड्या वाढवायचे. नवी पिल्लं आली की शेडमधले दिवे विझवायचेच नाहीत, पायाखाली जिकडेतिकडे दाणे, आणि बाबा एकेक पिल्लू उचलून त्याच्या गळ्याखालची पिशवी चाचपायचे. भरली असेल तर पास. "पहिला आठवडा जिंकला की पक्षी जिंकला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खोटं नव्हतं ते. त्यांचे पक्षी बाजारात सगळ्यांच्या वरचढ भरायचे. फक्त शेवटी शेवटी काहींचे पाय त्यांच्याच वजनाखाली मोडायचे. मग ते फतकल मारून बसून राहायचे, आणि बाबा त्यांच्या माना पिरगाळून बादलीत टाकायचे. कट्, कट्, जणू शेंगाच मोडताहेत.

ती बादली उचलायची गोणी. गोणी म्हणजे पिल्लूची ताई, नववीतली. नाव बाबांनीच लाडाने ठेवलेलं, कारण खाद्याची गोणी ती एका दमात खांद्यावर घ्यायची. ते नाव शाळेत पोचलं आणि त्यातला लाड गळून गेला. पण ती काही रडूबाई नव्हती. चिडवणाऱ्या एकाला तिने बाकासकट उलटं केलं होतं.

एका सकाळी बाबा आणि आत्या बहीणभाऊ दोघांनाही दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी गोणीचे रिपोर्ट पाहिले. रक्तात साखर चढू लागलेली, यकृतावर चरबी. मग पिल्लूला काट्यावर ठेवलं आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाळ तोंड फिरवतं म्हणजे ते पुरे म्हणतंय. ते ऐका. साखर बंद करा. आत्ता त्याला स्वतःचं पोट ओळखू दिलं नाहीत, तर मोठेपणी थांबायचं कुठे तेच त्याला कळणार नाही. या वयात वजन असं धाडधाड वाढवलं की पुढे लठ्ठपणाचा धोका वाढतो."

"माझ्या हाताखाली हजारो पिल्लं वाढलीत, बाई!"

"आणि ती जगतात किती दिवस?"

बाबा ताडकन उठले. खुर्ची मागच्या मागे पडली.

घरी येईपर्यंत आत्याचं तोंड थांबेना. "शिकलेल्यांना काय कळतंय! अगं गोणे, तुलाही असंच वाढवलं आम्ही. नाक दाबून! कशी गुटगुटीत होतीस, लोक गालगुच्चे घ्यायला थांबायचे."

गोणीचा हात आपल्याच नाकाकडे गेला. पोट भरलं हे तिला आजवर रिकामं ताट सांगायचं. पोटाने कधीच सांगितलं नव्हतं. ते जन्मापासूनच मुकं, असं ती धरून चालली होती! आणि त्याची जीभ कोणी कापली ते आज कळलं.

संध्याकाळी पुन्हा तीच फौज जमली. पिल्लूने दोन घास घेतले आणि मान फिरवली. बाबांचा हात नाकाकडे निघाला.

"बाबा, नको. पुरे म्हणतोय तो."

"तू बाजूला हो. मोठी डॉक्टरीण आलीय!"

"नाही होणार."

फाडकन कानाखाली बसली. गोणीच्या तोंडात रक्ताची चव आली. तरीही बाबांचा हात पिल्लूच्या नाकाकडे येतच होता, म्हणून तिने तो अंगठा मुठीत धरला आणि खाद्याच्या गोण्या उचलणाऱ्या मनगटाचा सगळा जोर लावून मागे वाकवला. कडाड् आवाज आला. बाबा गुरासारखे ओरडले. पातेलं पालथं झालं, गरम पीठ आईच्या पायावर सांडलं, आई किंचाळली.

आणि या गोंधळात आत्याने संधी साधली. ओरडायला उघडलेल्या पिल्लूच्या तोंडात तिने चमचा घशापर्यंत कोंबला.

रडणं एकदम बंद.

पिल्लूचे डोळे मोठे झाले. ओठ निळे पडायला लागले. शाळेत प्रथमोपचाराच्या तासाला बाहुलीवर शिकवलं होतं, तसं गोणीने त्याला हिसकावलं, मांडीवर पालथा घातला, डोकं खाली केलं आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने दणका दिला. मग दुसरा.

"पोराला मारतेय! बघा, पोराला मारतेय!" आत्या बोंबलली.

बाबांनी चांगल्या हाताने दाराशी पडलेलं खाद्याचं पत्र्याचं माप उचललं आणि गोणीच्या पाठीत घातलं. पत्र्याची कड फ्रॉक फाडून आत शिरली. ती हलली नाही. पुन्हा घातलं. ती पिल्लूवर कमान होऊन वाकली आणि दणके मोजून मोजून मारत राहिली. माप तिसऱ्यांदा वर गेलं, तेव्हा आईने भाजलेल्या पायानेच बाबांना अशी लाथ घातली की ते भिंतीवर आदळले.

भसकन पिठाचा गोळा बाहेर पडला. पिल्लूने भोकाड पसरलं.

आईने तो गोळा उचलून आत्याच्या नाकासमोर धरला. "वन्सं, यापुढे माझ्या लेकराच्या तोंडाला हात लावलात, तर तो हात चुलीत घालीन." नंतर बाबांकडे वळली. "आणि तुम्ही तुमच्या कोंबड्या सांभाळा."

दुसऱ्या दिवशी पिल्लूला कोणी धरलं नाही. समोर वाटी होती, पण त्याने बघितलंही नाही. आत्या दारातून पुटपुटत होती, "उपाशी मारणार पोराला." आईचा हात चमच्याकडे जायचा आणि परत यायचा. पाठीला टाके घातलेली गोणी शेजारी पालथी पडून होती.

ऊन वर चढलं तसा पिल्लू एक वेगळाच आवाज काढू लागला. घरात आजवर कोणी ऐकला नव्हता असा. जमिनीवर मुठी आपटून, ओठ चोखत, रागारागाने.

हात गळ्यात बांधलेले बाबा शेडमधून धावत आले. "काय झालं त्याला? कुठे दुखतंय?"

"भूक लागलीय," गोणी म्हणाली.

बाबा उंबऱ्यात उभेच राहिले. पिल्लू रांगत वाटीपाशी गेला, दोन्ही हात आत घातले आणि बोटं तोंडात कोंबून खाऊ लागला.