चष्म्याची डबी

प्रत्येक कार्यक्रमात हर्षालीला एक प्रश्न हमखास यायचा, आणि तिचं उत्तरही ठरलेलं होतं. "हे सगळं तुम्हाला सुचतं कुठून?" असं कुणी विचारलं की ती जरा वेळ खाली बघायची आणि म्हणायची, "मी लिहीत नाही हो. माझ्याकडून कुणीतरी लिहून घेतं." सभागृहात टाळ्या पडायच्या. खरं तर विम्याच्या ऑफिसातून आल्यावर इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये, कुकरच्या शिट्ट्यांकडे एक कान ठेवून आणि अश्विनवर, म्हणजे नवऱ्यावर, खेकसत ती एकेक पान खोडून खोडून लिहायची. पण हे ऐकायला तिकीट काढून कोण येणार?

तिच्या 'रात्रपाळीचे देव' या मालिकेत नाशिकची भुतं आणि दैवतं नोकऱ्या करत. एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रात एक वेताळ राखेवर ड्यूटीला होता. सीबीएस बसस्थानकाच्या चौकशी खिडकीत एक चकवा बसायचा आणि लोकांना भलत्याच एसटीत चढवून द्यायचा. पण वाचकांचा जीव होता विठाकाकूवर. विठाकाकू शिलाईकाम करायची, तिच्या अंगात देवी यायची, आणि देवी आली की ती स्कूटीवरून भुतांच्या मागे लागायची. तिच्यावरचं एक वाक्य तर पोरंपोरी तोंडपाठ म्हणायची: 'काकूनं चष्मा काढला, डबीत ठेवला, डबी घड्याळामागे सरकवली, आणि मगच देवीला आत घेतलं.'

हे वाक्य हर्षालीकडून कुणी लिहून घेतलेलं नव्हतं. तिनं ते उचललं होतं चांदवडहून, ललिताआत्याच्या घरातून.

ललिताआत्या कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिचे यजमान पुंजामामा हयात होते तोवर घरात तिचा आवाज म्हणून कुणी ऐकला नाही. फक्त नवरात्रात, अष्टमीच्या आरतीला, तिच्या अंगात यायचं. मग सगळी गल्ली, पुंजामामा धरून, तिच्यापुढे हात जोडून बसायची आणि ती म्हणेल ते ऐकायची. लहानपणी हर्षाली घाबरून आईच्या पाठीमागे लपायची. कॉलेजात गेल्यावर मात्र तिच्या लक्षात आलं, की घुमायला लागण्याआधी आत्या चष्मा काढून डबीत ठेवते. देवी येणार हे आधीच कळतं होय, असं वाटून तिला हसू फुटलं होतं. ते हसू तिनं जपून ठेवलं आणि पुढे पुस्तकात वापरलं. आत्याला विचारावं हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. आत्या कुठे पुस्तकं वाचते!

आत्या वाचत नव्हती हे खरं. पण यंदा पुस्तक ऑडिओत आलं.

अष्टमीला हर्षाली नेहमीसारखी चांदवडला गेली. आत्याची सून रोहिणी दारातच तिच्या गळ्यात पडली.

"ताई, अख्ख्या गल्लीनं ऐकलं तुमचं पुस्तक! कांद्याच्या चाळीत निवडायला बसलेल्या बायाबी तेच लावतात. लय हसतात."

"आत्यानं पण ऐकलं?"

"मीच ऐकवलं ना. कानात घालून दिलं त्यांच्या."

"मग? काय म्हणाली?"

"काय नाय. चष्म्याचं आलं तसं काढून दिलं माझ्या हातात. म्हणल्या, डाळ टाकायचीय."

हर्षाली तशीच स्वयंपाकघरात गेली. आत्या देवीच्या फुलोऱ्याच्या कडाकण्या तळत होती. तिनं नेहमीसारखंच "आलीस का बाई? हातपाय धू," म्हटलं आणि झाऱ्याकडे बघत राहिली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. हर्षालीनं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा कडाकण्या छान झाल्यात एवढंच बोलली. 

संध्याकाळी माणसं जमायला लागली. त्यात पलीकडच्या आळीतल्या मंगलाबाई होत्या, त्यांचा नवरा रावजी होता आणि मधे त्यांची मुलगी तृप्ती, उकाड्यातही लांब बाह्यांचा ड्रेस घातलेली.

"तृप्ती सासरहून निघून आलीय," रोहिणी हर्षालीच्या कानाशी लागली. "हातावर चटके हायेत तिच्या. दसरा झाला का ते लोक न्यायला येणार. रावजीदादा आज देवीला विचारणार. देवी नको म्हणली तर नाय धाडायचे ते."

"आत्याला माहितीये हे?"

"मंगलाबाई सकाळीच ओटी भरून गेल्या. बोलल्या काहीच नाय, नुसत्या रडल्या."

संबळ वाजायला लागला. आत्या घटापुढे बसली होती. आरती चढत गेली तसे तिचे खांदे हलायला लागले, मान एका अंगाला झुकली. मंगलाबाईंनी तृप्तीला पुढे सारलं. रावजीनं हात जोडले. हर्षाली भिंतीला टेकून उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून म्हणत होती, ये बाई, लवकर ये.

आत्याचा उजवा हात चष्म्याकडे गेला.

तेवढ्यात मागून कुणीतरी खुदकन हसलं. शेजारची सृष्टी, अकरावीतली पोर, काही दुष्ट नव्हे. तिच्या तोंडून निसटून गेलं, "आता डबी!" दोघीतिघी पदरात फिसफिसल्या. एकानं मोबाइल वर धरला.

आत्याचा हात चष्म्याच्या काडीवर थबकला. तिनं वळून हर्षालीकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर हर्षालीनं सोसला असता. पण आत्या ओशाळली होती, चोरी पकडली गेल्यासारखी. तिनं हात खाली घेतला. दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि ओठ दातांत धरून बसून राहिली. खांदे हलतच होते आणि ती ते आवरत होती. संबळवाल्यानं जोर केला. बायकांनी आरती पुन्हा पहिल्यापासून म्हटली. हळूहळू खांदेही थांबले.

"यंदा नाय येत वाटतं," एक म्हातारी म्हणाली.

"परसाद घ्या समदे," आत्या म्हणाली, आणि चष्मा सारखा करून उठली.

रावजी बाहेर चपला घालत होता. हर्षाली त्याच्यामागे धावली. "दादा, तृप्तीला पाठवू नका. मी नाशिकला वकील बघते. तोवर माझ्याकडे राहू दे तिला, मी सांभाळीन."

रावजीनं तिचं नीट ऐकून घेतलं. "ताई, मला हौस हाय का पोरीला धाडायची? पण ही सोयरीक माझ्या थोरल्या भावानं जमवली. त्याच्यापुढं माझं तोंड नाय उघडत. देवी नको म्हणली असती, तर म्या म्हणलो असतो, देवीचा शब्द हाय, मी काय करू? त्यो बी गप बसला असता, भावकी बी. तुमच्याकडं धाडली तर काय सांगू त्यांना? पुस्तकवाली बाई म्हणली म्हणून?"

 मंगलाबाई हर्षालीकडे न बघताच पायऱ्या उतरल्या. तृप्ती मात्र क्षणभर रेंगाळली.

"ताई, मीबी ऐकलं तुमचं पुस्तक. माहेरी आल्यापासून रोज लावायचे. विठाकाकू भुताला तुडवते तिथं लय बरं वाटायचं," ती म्हणाली आणि आईच्या मागे गेली.

हर्षाली आत आली. आत्या भांडी गोळा करत होती. आता बोलायला कुणाचीच आडकाठी नव्हती, म्हणून हर्षाली बोलली. "आत्या, माझं चुकलं. मला फार लाज वाटतेय."

आत्यानं ताटं खाली ठेवली. "मला आधी कळतं गं. तळहात गार पडतात. एकदा असाच चष्मा उडाला न् फुटला. तुझ्या मामांनी पुढला कांदा निघंस्तोवर नवा नाय केला. भाकरी चाचपून भाजायचे मी, बोटं पोळायची. तवापासून काढून ठेवते. ते गेले, पण हाताची सवय नाय गेली."

"मग आज का नाही काढलास?" हर्षालीला रडू आवरेना. "हसू द्यायचं होतं त्या पोरींना."

"त्यांच्या हसण्याचं काय नाय. पण तू लिवलं ना." आत्या पदराला हात पुसत राहिली. "म्हणलं, तू शिकलेली. तुला कायतरी दिसलं आसंल. मी इतकी वर्षं सोंग तर नाय करत आले, असं आलं मनात. मग नाय काढवला."

हर्षालीनं तिचे हात धरले. ते अजून गार होते.

"एक विचारू का?" आत्या म्हणाली. "तुझ्या त्या काकूकडं अशी पोरगी आली आसती, तर तू काय लिवलं आसतं?"

"काकूनं तिला सोडवलं असतं," हर्षाली कशीबशी म्हणाली.

"कसं गं?"

आत्या टोमणा मारत नव्हती. ती चष्म्यातून हर्षालीच्या तोंडाकडे बघत होती, दसऱ्याच्या आत काही शिकून घेता आलं तर घ्यावं म्हणून.  हर्षालीला काहीही सुचलं नाही.