बोटीच्या तळाचं जस्त

मी जस्ताचा एक जुना ठोकळा आहे, मित्रांनो. कोरियातल्या थोंग्योंग बंदरात माझं आयुष्य गेलं.

खनिजातून मला वेगळं करायला भट्टीने प्रचंड उष्णता खर्च केली. त्यातली बरीच ऊर्जा माझ्यात साठून राहिली. ती सोडून द्यायची, पुन्हा मातीसारखं व्हायची मला सतत ओढ असते. कुणी ढकलायला लागत नाही; खारं पाणी लागलं की मी आपोआप झिजतो. आपोआप म्हणजे झटपट नव्हे. हळूहळू, पण न थांबता. लोखंडालाही गंजायची ओढ असतेच, पण माझी तिच्याहून जास्त. म्हणून मला पोलादी बोटीच्या तळाला घट्ट बसवतात. मी झिजतो, तोवर बोट गंजत नाही.

थाक जोंगगूच्या मासेमारी बोटीखाली मी पहिलं वर्ष असाच झिजलो. बोट काठावर ओढली, तेव्हा तळ स्वच्छ होता आणि मी अर्धा उरलो होतो.

"उंदरांनी कुरतडल्यासारखा झालाय मेला! काय फालतू माल गळ्यात मारतात!" जोंगगू खेकसला.

"अहो, मग नवा बसवा ना," त्याची बायको बोंगर्ये म्हणाली. "माझा भाऊ इंजिनापाशी असतो, त्याचा तरी विचार करा."

"नवा कशाला? रंग फासतो. बघ कसा टिकतो."

त्याने माझ्यावर जाड रंग थापला. पाणी माझ्यापर्यंत पोहोचेना. वर्षभराने मला थोपटून तो म्हणाला, "बघितलंस? जसाच्या तसा!" आयुष्यात माझं कौतुक झालं ते तेवढंच. शेजारी तळावर गंजाचे फोड आले होते. त्यांच्यावरही त्याने रंगच फासला.

त्या हिवाळ्यात भर समुद्रात तळाचा पत्रा फाटला. जोंगगूला दुसऱ्या बोटीने उचललं. खाली इंजिनापाशी असलेला मेव्हणा वर आलाच नाही.

बोट ओढून आणल्यावर जोंगगू मला चाचपत म्हणाला, "जस्त तर धडधाकट आहे गं. मग झालं कसं?"

"हो," बोंगर्ये म्हणाली. "तेवढंच राहिलं तुमचं धडधाकट."

ती माहेरी निघून गेली. परत आली नाही.

मित्रांनो, जोंगगू आता नवी बोट घेतोय, आणि 'चांगला तुकडा' म्हणून त्याने मलाच जपून ठेवलंय. कुणीतरी त्याआधी माझा रंग खरवडून काढा. मला झिजू द्या.