खालची खाच

...कडी खालच्या खाचेत होती. शॉक अॅब्सॉर्बरवरची चिंचोळी, धुळीने अर्धी बुजलेली खाच आणि तिच्यात ती पोलादी कडी, मे महिन्यापासून निवांत बसलेली. लीलंडने टायर बदलायला काढलेलं चाक हातात तसंच राहिलं. वरची खाच रिकामी. म्हणजे कडीवर टेकलेली स्प्रिंगची बशी सहा मिलिमीटर खाली, म्हणजे गाडीचं नाकही खाली, म्हणजे — नको, पुढचं नको. पलीकडच्या बाजूलाही तेच. त्याने चाकं चढवली, नट आवळले.

चूक माझीच. शर्यतीच्या या वर्गात गाडी कारखान्यातून आली तशीच पळवायची. शॉक्स तेवढे बाहेरचे चालतात, पण बशी मूळ उंचीवरच हवी. नव्या शॉक्सच्या कड्या खोक्यातून खालच्या खाचेतच आल्या होत्या, वर सरकवायच्या होत्या, आणि बसवायच्या दिवशी कंबर इतकी धरली होती की कधी एकदा आटपतो असं झालं होतं... तीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करणारा माणूस मी! आता दुरुस्त करायचं म्हटलं तर निम्मा दिवस मोडेल आणि शेवटची फेरी वीस मिनिटांवर.

"झालं का रे? का तिथेच झोपलास?" त्याची बायको ट्वायला हेल्मेट काखोटीला मारून उभी होती.

"झालं."

"आणि कंबर?"

"आहे जागेवर."

ती हसली. एकोणीस वर्षं ही बाई नेब्रास्काच्या या जुन्या धावपट्टीवर नारिंगी रबरी कोनांच्या रांगांमधून, घड्याळाशी स्पर्धा करत गाडी पळवतेय. कधी दुसरी, कधी तिसरी. आज एक स्वच्छ फेरी, की वर्षाचं अजिंक्यपद तिचं. सांग ना तिला. आत्ता सांग. तो पाना पुसत राहिला. सांगितलं तर ती स्वतःच जाऊन नाव मागे घेईल, हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि म्हणूनच जीभ उचलत नव्हती.

कारण ओडेल. लीलंडचा शाळेपासूनचा दोस्त. गेल्या वर्षी त्याच्या गाडीची बशी खाली आहे अशी रीतसर तक्रार ट्वायलानेच केली होती. चारचौघांत गाडी उघडली, ओडेल बाद झाला. माझ्या लक्षातच आलं नाही, म्हणत होता बिचारा. "लक्षात आलं नाही म्हणजे काय?" ती जेवताना म्हणाली होती. "शॉक्स लावले कुणी, भुतांनी?" आणि लीलंडने ओडेलची बाजू न घेता पुढचा घास तोडला होता.

इथे दुसऱ्यांच्या फेऱ्या चालू असताना प्रत्येकाने मैदानात उभं राहून कोन राखायचे असतात. आज तिसऱ्या ठाण्यावर लीलंडच्या जोडीला नेमका ओडेल. दोघांत अकरा महिने अबोला.

"जिंकणार बघ तुझी बायको," ओडेल समोर बघतच म्हणाला. टोमणा असता तर बरं झालं असतं. "नियमाला पक्की आहे. मला राग आला होता, पण पक्की आहे."

ट्वायलाची लाल गाडी सुटली होती. वळणावर नाक कसं चटकन वळतंय... ते सहा मिलिमीटर वळवतायत का? का तीच वळवतेय? हे आता कधीच कळणार नाही, तिलाही नाही, आणि हे मी केलं, मी. गाडीचा मागचा कोपरा कोनाला घासला. कोन डुलला, सरकला...

"पड," तो म्हणाला. "पड ना बाबा."

कोन पडला नाही. लीलंड कंबर धरून धावला, वाकला. कोन पडला किंवा खडूच्या चौकटीबाहेर गेला तर दोन सेकंदांचा दंड. हा अर्धा रेषेवर होता, म्हणजे नियमाने आतच.

"तीन नंबर, काय झालं?" त्याच्या हातातला रेडिओ खरखरला.

"चौकटीत आहे. दंड नाही," त्याने बटण दाबून सांगितलं.

"जिंकली मग!" लाउडस्पीकरवर निवेदक ओरडला.

तिकडे हॉर्न वाजायला लागले. ओडेल जवळ आला होता, त्याच्याकडे टक लावून बघत.

"पड म्हणालास तू," तो हळूच म्हणाला. "का रे?"

किती दमलोय मी, लीलंडला वाटलं, कंबरेपेक्षाही वर कुठेतरी. बायकोचा कोन पडावा म्हणून हात जोडायची वेळ आली, फक्त आपल्याला बोलावं लागू नये म्हणून. त्याने तोंड उघडलं. रेडिओचं बटण त्याने अजून सोडलं नव्हतं; बोलेल ते सगळ्या मैदानाला ऐकू जाणार होतं.