भोंग्याचा राहून गेलेला सूर

मित्रांनो, मी कर्जतचा एक जुना भोंगा आहे. माझी मूठ फिरवली की मी रडू लागतो.

दुसऱ्या महायुद्धात मला चौकीच्या गच्चीवर बसवले होते. विमानहल्ल्याचा सराव असे. माझा सूर चढू-उतरू लागला की लोक दिवे विझवून घरात दडून बसत. मग धोका टळल्याचा सरळ, लांब सूर निघे आणि दारे उघडत. मला फिरवायचे कोंडाजी. त्यांच्या हाताखाली मी कधी बेसूर झालो नाही.

एका संध्याकाळी मी रडत असतानाच पोलीस वर आले. भूमिगतांचे निरोप पोचवता, म्हणाले आणि कोंडाजींना घेऊन गेले. ते परत आलेच नाहीत. त्या दिवशीचा सरळ सूर राहूनच गेला.

युद्ध संपले. मी माळ्यावर गंजत पडलो. अलीकडे हर्षलाने मला भंगारातून सोडवले, घासले, तेल दिले. ती कोंडाजींची पणती. गाव पाहायला आलेल्या पाहुण्यांना ती पायी हिंडवते आणि युद्धाच्या खुणा, भूमिगतांच्या वाटा, लाल बावट्याच्या सभांचे मैदान दाखवते. फेरी तिच्या अंगणात, माझ्यापाशी संपते.

पहिल्याच फेरीत एका पाहुण्याने हौसेने माझी मूठ गरगरा फिरवली. त्याबरोबर घरातला दिवा विझला. हर्षला आत धावली. तिची आजी, कोंडाजींची लेक अंबूबाई, पलंगाखाली शिरली होती.

"आजी, भायेर ये गं. पाहुणे हायेत."

आतून उत्तर आले ते लहान मुलीच्या आवाजात. "नाय. बाबानं सांगलंय, मी हाक मारल्याबिगर येऊ नको."

हर्षला बाहेर आली. तिने माझी मूठ धरली आणि एका लयीत फिरवली. इतक्या वर्षांनी माझा सरळ सूर निघाला. मग तिने हात काढला. मूठ थांबली.

तेवढ्यात माझ्या तोंडातून पुरुषाचा आवाज आला, "अंबू, ये गं. टळलं सगळं."

मित्रांनो, तो आवाज माझा नव्हता.

अंबूबाई उंबऱ्यावर आली. तिने हर्षलाकडे पाहिलेच नाही. माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे मान वर करून ती म्हणाली, "किती येळ लावलास, बाबा." मग मोठ्या माणसाचे बोट धरावे तसा हात उंच करून ती आत गेली.

आम्हा जुन्या वस्तूंना जरूर हात लावा, पण गंमत म्हणून भीतीचा सूर काढू नका. आणि काढलाच, तर धोका टळल्याचेही सांगून जा. आत कुणीतरी वाट पाहत असते.