लंबकगुरूंचे तीन वर्ग

शाळेच्या सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. आईबाप खुर्च्यांवर, आजीआजोबा बाकांवर आणि उशिरा उगवलेले काका-मामा खिडक्यांत. व्यासपीठावर एक मुलगा स्टुलावर बसला होता. त्याच्या डोक्यावर लंबकगुरूंनी दोऱ्याला बांधलेला पितळी गोळा धरला होता. गोळा डोलू लागला.

"आडवा हलतोय! आडवा!" खिडकीतला एक काका ओरडला.

"नेत्रप्रधान!" गुरू गरजले. "याला फक्त चित्रं दाखवा, मायबाप! मेंदूला तीन खिडक्या. डोळा, कान आणि हात. प्रत्येक मुलाची एकच उघडी असते. गोळा आडवा गेला तर डोळा, गोल फिरला तर कान, पुढेमागे झुलला तर हात. विश्वलहरी गोळ्यात उतरतात, भिंतीपलीकडचं मूलही गोळा ओळखतो, मी आपला निमित्तमात्र!"

"माझा बाळ चित्रं काढतो हे यांना कळलं कसं हो?" मुलाच्या आईने डोळे पुसले.

दुसरीच्या वर्गाच्या बाईंनी कपाळाला हात लावला. ही माउली मघाशी दारातच चहाचा कप हातात घेऊन गुरूंना बाळाच्या चित्रांचं कौतुक ऐकवत होती.

बाई काही नास्तिक नव्हत्या. सकाळी देवापुढे हात जोडल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पाणी उतरत नसे. पण देव एवढा रिकामटेकडा नाही की दोऱ्याला लोंबकळत बसेल, याचीही त्यांना खात्री होती.

मग भिंगरीची पाळी आली. पोरगी एका जागी ठरत नसे, म्हणून हे नाव. तिची आई कपडे शिवायची. तीही दारात म्हणाली होती, "हिच्या हातांना सारखा चाळा लागतो, महाराज."

गोळा अर्थातच पुढेमागे गेला.

"हस्तप्रधान! पुस्तक काढून घ्या, माती द्या. वाचन हिच्या नशिबात नाही."

"पण मला वाचता येतं!" भिंगरी किंचाळली. "कालच अख्खी ओळ वाचली!"

"गप गं," आई म्हणाली, पण तिचा आवाज चिरकला.

मुख्याध्यापकांनी मान डोलावली. "उद्यापासून तीन वर्ग वेगळे. हातवाल्यांना पुस्तकं नाहीत."

त्या एका ओळीसाठी पोरीने किती धडपड केली होती! बाई उठल्या आणि गोड हसून म्हणाल्या, "गुरुजी, भिंतीपलीकडचं मूलही गोळा ओळखतो म्हणालात ना? मग पडद्यापलीकडचं तर अगदीच सोपं!"

गुरू जरा चाचरले. पण खिडकीतल्या एका मामाने टाळी वाजवली आणि पंचाईत झाली.

बाईंनी नाटकाचा पडदा ओढला आणि आत जाऊन दिवा लावला. पडद्यावर स्टुलावर बसलेली, झिपऱ्या केसांची सावली उमटली. गुरूंनी डोळे मिटले. गोळा गरगर फिरला.

"कर्णप्रधान! अतिशय हळवी मुलगी. हिला ओरडू नका. गोष्टी सांगा!"

बाईंनी पडदा सरकवला. स्टुलावर शाळेची बादली होती आणि तिच्यात पोछा उलटा उभा केला होता.

खिडक्यांतले काका-मामा पडता पडता वाचले.

"वस्तूंनाही लहरी असतात!" गुरू घाम पुसत म्हणाले.

"मग मी बादलीला गोष्ट सांगू का?" भिंगरीच्या आईने फणकाऱ्याने विचारलं.

बाईंनी गोळा मागून घेतला आणि तिच्याच हातात दिला. "ताई, हात स्थिर धरा. मनात म्हणा, गोल फिर."

गोळा गोल फिरू लागला. ती घाबरली. "मी हलवत नाही हो, बाई!"

"मुद्दाम नाही हलवत. पण मनात जे येतं, त्याने बोटं नकळत थरथरतात आणि लांब दोऱ्याच्या टोकाला ती थरथर मोठी दिसते. गुरुजींना तुम्हीच दारात सगळं सांगितलंत. गोळ्याने तेच परत ऐकवलं."

मग बाईंनी दोन टेबलांवर पोछ्याचा दांडा आडवा ठेवला, त्याला दोरा बांधला आणि गोळ्याखाली भिंगरीला बसवलं. सगळे टक लावून बघत राहिले. गोळा थोडा डुलला आणि थांबला. थांबूनच राहिला.

"बाई, हा झोपला!" भिंगरी म्हणाली.

"हात गेला, लहरी गेल्या," बाई म्हणाल्या. गुरूंनी गोळा न घेताच जिना गाठला.

"पण मग हिचं वाचन अडतं कशाने?" आईने हळूच विचारलं.

"तिची ओळ सुटते. म्हणून ओळीखाली पट्टी धरायची. अक्षर वाळूत गिरवायचं, मोठ्याने म्हणायचं आणि मग पुस्तकात शोधायचं. उभी राहून वाचते म्हणाली, तर वाचू द्यायचं. अहो, नकाशा नुसत्या कानांनी कळत नाही आणि ताल नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. जे शिकवायचं त्याला शोभेल ती वाट धरायची, आणि मूल कुठे अडलंय ते रोज बघायचं. देवाने पोरांना डोळे, कान, हात सगळं दिलंय. त्यातलं दोन तृतीयांश आपण बंद करायचं, हा कुठला धर्म?"

मुख्याध्यापक खाकरले. "तीन वर्ग रद्द."

"रद्द करा, पण तेवढ्याने भागायचं नाही," बाई सभागृहाकडे वळल्या. "उद्या दुसरा कुणीतरी येईल. गोळ्याऐवजी यंत्र आणेल, अंगठ्याचे ठसे घेईल. त्याला आदराने बसवा, चहा द्या. आपल्या पोराबद्दल मात्र चकार शब्द काढू नका. आणि विचारा, 'तुम्हाला हे कळलं कसं? आमच्यासमोर पडताळून दाखवा.' खरं असेल तर त्याला राग यायचं कारण नाही."