स्टुलावरचं डोकं

मी एक डोकं बोलतोय. नुसतं डोकं, मानेखाली मला काहीच नाही. प्लास्टरचं, आतून पोकळ, वरून पांढरा रंग. साच्यातून निघालो तेव्हा नाक सरळ होतं. पुढे दुकानात एकदा पडलो आणि शेंड्याचा टवका उडाला.

दुकान टोप्यांचं होतं. मालक मला काचेमागे ठेवत आणि ऋतू पालटला की माझी टोपी बदलत. गिऱ्हाईक नसलं की माझ्याशीच बोलत. "काय बिनडोक, आज कुणाला टोपी घालायची?" असं रोज विचारत आणि स्वतःच हसत. त्यांनी कुणाला फसवल्याचं मी कधी पाहिलं नाही, पण हा विनोद काही त्यांनी सोडला नाही.

दुकान बंद झालं तेव्हा कपाटं गेली, आरसे गेले. मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी घरी आलो.

मालकांच्या मुलीकडे एक जुना कॅमेरा होता. तिला माणसांचे चेहरे टिपायला शिकायचं होतं, तेही दिवे न लावता, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात. सरावासाठी इतका वेळ कोण बसणार? मी बसतो. तिने मला खिडकीशी स्टुलावर ठेवलं.

आमच्या खिडकीत ऊन थेट येत नाही. दुपारी ते समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडतं आणि तिथून मऊ होऊन खोलीत येतं. ती मला जरासं वळवायची, मागे सरायची, गालावरची सावली बघायची. सावलीच्या बाजूला पांढरी चादर धरली की ती सावली उजळते, हे ती माझ्यावरच शिकली. उजेड कमी पडला तर ती कॅमेऱ्याचं शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायची. माझी पापणी लवत नाही, छाती वरखाली होत नाही. माझे फोटो लख्ख यायचे आणि ती खूश व्हायची.

मग मालकांच्या डाव्या जबड्यात गाठ निघाली. हाड काढावं लागेल, डॉक्टर म्हणाले. चेहरा आता आहे तसा राहणार नाही.

हॉस्पिटलात दाखल व्हायच्या दिवशी दुपारी मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी येईपर्यंत इथे बसता? एक फोटो काढते." घरात त्यांचा धड एकही फोटो नव्हता. आयुष्यभर ते फोटोच्या वेळी दुसऱ्यांच्या टोप्या सरळ करत मागे उभे राहिलेले.

मला उचलून टेबलावर ठेवलं. मालक स्टुलावर बसले. बॅग भरायला आलेल्या आत्याच्या हातात चादर दिली.

"वर धर, आत्या. जरा पुढे."

"माझे हात गळून पडतील गं! सरळ ट्यूब लाव की."

"ट्यूबच्या उजेडात माणूस आजारी दिसतो."

ती बोलून गेली. आत्याने चादरीआड तोंड लपवलं. मालकच हसले. "म्हणजे आजारी माणूस आजारी दिसू नये म्हणून एवढा खटाटोप! चालू द्या."

तिने फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. पुन्हा काढला. पुन्हा पाहिला.

"दाखव तरी," आत्या म्हणाली.

"थांब."

टेबलावरून मला पडदा दिसत होता. खिडकीचा गज न् गज स्पष्ट, शर्टाचं बटण स्पष्ट, आणि चेहऱ्याच्या जागी धूर. दुखण्याने मालकांची मान सारखी बारीक थरथरत होती. शटरचा वेळ तिने ठरवला होता तो माझ्यावरून. माझ्यासारखंच कुणी समोर बसणार, असं धरून.

तिने वेळ कमी केला. चेहरा अंधारात गेला. कॅमेऱ्याची उजेड पकडायची ताकद वाढवली. गालांवर रवा सांडल्यासारखे दाणे आले. स्टूल अगदी खिडकीला टेकवलं. समोरच्या भिंतीवरचं ऊन वर वर सरकत होतं. खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"दादा, गाडी आली," आत्या म्हणाली. चादर मात्र तिने खाली केली नाही.

मुलीचं कपाळ घामाने भिजलं होतं. "बाबा, जरा स्थिर..."

"अगं, मी कुठे हलतोय? मानच ऐकत नाही." मग त्यांनी हात पुढे केला. "त्या बिनडोकाला इकडे दे."

मला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. मालकांनी माझ्यावर हात टाकला आणि उजवं कानशील माझ्या टाळूवर टेकवलं. शीर उडत होती, ती मला कळत होती. त्यांनी सगळा भार माझ्यावर दिला. हळूहळू थरथर थांबली.

"बाबा, श्वास सोडा. आता घेऊ नका."

शटर उघडलं. फार वेळ उघडं राहिलं असं मला वाटलं. मग मिटलं. भिंतीवरचं ऊन गेलं.

तिने पडद्याकडे पाहिलं आणि नुसती मान डोलावली. आत्या चादरीची घडी करू लागली. हॉर्न पुन्हा वाजला.

मालक परतले तेव्हा चेहऱ्याची डावी बाजू आत गेलेली होती, ओठ एका कडेला ओढलेला. बोलणं निम्मं कळे. आत्याने आरसा काढून ठेवला होता. कुणी विचारलं तर "पुसायला काढलाय" म्हणे. मुलगी पुन्हा माझ्यावर सराव करू लागली. रोज, दुपारभर. वडिलांकडे मात्र तिने कॅमेरा वळवला नाही.

एके दिवशी ते येऊन दारात उभे राहिले. मला स्टुलावरून उचललं, जमिनीवर ठेवलं आणि स्वतः बसले.

"दादा, कशाला?" आत्या म्हणाली. "आधीचा किती छान आलाय."

"तो तेव्हाचा," ते म्हणाले. शब्द फुटके होते, तरी कळले.

मुलीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तशीच उभी राहिली. मालकांनी आपणहून मान वळवली. डावी बाजू, ती आत गेलेली, खिडकीकडे केली.

"काढ," ते म्हणाले. "उजेड जातोय."

तिने काढला.

मी अजून त्याच खोलीत आहे. फोटोसाठी हात बसवायला मला जरूर वापरा, मी कंटाळत नाही. पण दारात माणूस येऊन उभा राहिला, तर मला बाजूला ठेवायला वेळ लावू नका. मला घाई नसते. त्याला असते.